मायल क्रीकचा खटला (१८३८): ज्याने पाहिले त्याची साक्ष चालत नव्हती

रानवाट (धागाकर्ता)

मायल क्रीकचा खटला बहुधा एका वाक्यात उरकला जातो: १८३८ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीत मूलनिवासींची कत्तल केल्याबद्दल सात जणांना फाशी झाली, म्हणजे ब्रिटिश कायद्याने रंग पाहिला नाही. वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र खटल्याचे तपशील पाहिले की टिकत नाही, असे माझे मत आहे आणि तेच मांडण्यासाठी हा धागा काढतो आहे. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना त्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे करता येत होते, मृत म्हणून आरोपपत्रात त्यांचा उल्लेख येत होता, पण साक्षीदार म्हणून तोंड उघडण्याची मुभा त्यांना नव्हती. ही उणीव कुणाच्या नजरचुकीने राहिली नव्हती. लक्षात आल्यानंतरही ती जवळजवळ चाळीस वर्षे जपली गेली.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८२९ साली सरकारने १९ परगण्यांची हद्द आखली आणि तिच्यापलीकडे वस्ती करू नये असे ठरवले. लोकरीला इंग्लंडात भाव होता, त्यामुळे मेंढ्या, गुरे आणि त्यांचे मालक यांनी ती हद्द कधीच जुमानली नाही. शेवटी १८३६ साली सरकारनेच वर्षाला १० पौंडांचा परवाना घेऊन हद्दीपलीकडची चराई अधिकृत करून टाकली. मालक सिडनीत किंवा हंटर नदीच्या खोऱ्यात राहत आणि शेकडो मैल दूरच्या कुरणांवर, ज्यांना तिकडे ‘स्टेशन’ म्हणतात, इंग्लंडातून शिक्षा भोगायला पाठवलेले कैदी गुराखी म्हणून ठेवत. ही कुरणे उत्तरेकडे गमिलराय या मूलनिवासी लोकांच्या प्रदेशात घुसली. गुरांनी पाणवठे तुडवले, कांगारू हटले, आणि मग भाल्याने मारलेली गुरे, मारले गेलेले गुराखी आणि त्यांच्या बदल्यात होणाऱ्या कत्तली असे चक्र सुरू झाले. २६ जानेवारी १८३८ रोजी मेजर जेम्स नन याच्या घोडदळाच्या पोलिसांनी वॉटरलू क्रीकपाशी किती गमिलराय मारले यावर आजही इतिहासकारांचे एकमत नाही. नन सरकारी हुकमावर गेला होता आणि त्याच्यावर खटला झाला नाही. पाचच महिन्यांनी त्याच टापूत खाजगी माणसांनी जे केले, त्यावर मात्र झाला. हा फरक ध्यानात ठेवावा.

मायल क्रीक हे हेन्री डँगर या जमीनदाराचे स्टेशन होते. तिथे काही आठवड्यांपासून विर्रायाराय या गमिलराय गटातली तीस-पस्तीस माणसे झोपड्यांजवळ मुक्कामाला होती. त्यांचे गोऱ्यांशी भांडण नव्हते. चार्ल्स किलमाइस्टर हा तिथला कैदी गुराखी संध्याकाळी त्यांच्यात बसून नाचगाण्यात भाग घेई. १० जून १८३८, रविवार. व्यवस्थापक विल्यम हॉब्स बाहेरगावी होता आणि गटातले धडधाकट पुरुष शेजारच्या स्टेशनवर झाडांच्या साली काढण्याच्या कामावर गेले होते, म्हणजे मागे राहिले ते मुख्यतः म्हातारे, बायका आणि मुले. दुपार कलताना तलवारी आणि पिस्तुले घेतलेले घोडेस्वार आले. त्यांना पाहताच सगळी माणसे आश्रयासाठी जॉर्ज अँडरसन या झोपडी सांभाळणाऱ्या कैद्याच्या झोपडीत शिरली. घोडेस्वारांनी त्यांना बाहेर काढून एका लांब दोराला बांधले; तान्ही मुले बायकांच्या पाठीवरच होती. किलमाइस्टर आपल्या घोड्यावर बसून मारेकऱ्यांना जाऊन मिळाला. अँडरसनने नकार दिला. वरात टेकडीआड गेल्यावर त्याला गोळ्यांचे फक्त दोन आवाज ऐकू आले, कारण बाकीचे काम तलवारीने झाले होते. किमान २८ माणसे मारली गेली. दोन दिवसांनी मारेकरी परत आले आणि त्यांनी प्रेते जाळली.

घोडेस्वारांच्या मागोमाग जाऊन हे पाहणारा एक माणूस होता: स्टेशनवर काम करणारा मूलनिवासी गुराखी यिंतायिंतिन, ज्याला गोरे डेव्ही म्हणत. हॉब्स परतल्यावर त्यानेच त्याला त्या जागी नेले. हॉब्सने पाहिले ते इतके भयंकर होते की त्याला तिथे धड मोजदादही करता आली नाही. पण त्याने गप्प न बसता मालकाला आणि दंडाधिकाऱ्याला पत्रे लिहिली. फ्रेडरिक फूट या वसाहतकऱ्याने ही खबर सिडनीला पोहोचवली. नवे गव्हर्नर जॉर्ज गिप्स यांनी मसलब्रूकचे पोलीस दंडाधिकारी एडवर्ड डेनी डे यांना घोडेस्वार पोलीस देऊन पाठवले. डे सुमारे सात आठवडे त्या रानात हिंडले आणि बारापैकी अकरा जणांना पकडून घेऊन आले. अकराही जण एकतर कैदी होते किंवा शिक्षा भोगून सुटलेले. निसटला तो बारावा, जॉन हेन्री फ्लेमिंग, वसाहतीत जन्मलेला, स्वतंत्र, जमीनदार घराण्यातला, आणि टोळीचा म्होरक्या.

पहिला खटला १५ नोव्हेंबर १८३८ रोजी मुख्य न्यायमूर्ती जेम्स डाउलिंग यांच्यासमोर चालला. ॲटर्नी जनरल जॉन ह्युबर्ट प्लंकेट यांनी मुख्य आरोप ‘डॅडी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या धिप्पाड म्हाताऱ्याच्या खुनाचा ठेवला, कारण जळालेल्या अवशेषांत निदान त्या आकाराच्या देहाची ओळख सांगता येईल अशी आशा होती. डे पोहोचेपर्यंत मोठे अवशेष तिथून हलवले गेले होते. त्यांच्या हाती हाडांचे तुकडे, जबड्याचा भाग आणि काही दात एवढेच लागले. बचावासाठी तीन नामांकित बॅरिस्टर होते आणि त्यांचा खर्च हंटर खोऱ्यातल्या जमीनदारांनी वर्गणी काढून केला होता. खुद्द डँगर बचावाच्या बाजूने साक्षीला आला आणि अँडरसनच्या शपथेवरही आपला विश्वास नाही असे त्याने सांगितले. काळ्या-गोऱ्याच्या जिवात कायदा भेद करत नाही हे न्यायमूर्तींनी ज्यूरीला स्वच्छ सांगितले, आणि ज्यूरीने सुमारे पाव तासात अकराही जणांना निर्दोष ठरवले.

प्लंकेट यांनी आरोपींना सुटू दिले नाही. अकरांपैकी सात जणांवर एका मुलाच्या खुनाचा वेगळा आरोप ठेवून त्यांनी २७ नोव्हेंबरला न्यायमूर्ती विल्यम बर्टन यांच्यासमोर पुन्हा खटला उभा केला. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही हा बचावाचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला, कारण मृत व्यक्ती वेगळी होती. अँडरसनने पुन्हा साक्ष दिली. आपल्याला शिक्षेत सूट नको, फक्त संरक्षण हवे, असे त्याने सांगितले. या वेळी ज्यूरीने दोषी ठरवले. १८ डिसेंबर १८३८ रोजी सिडनीत सातही जणांना फाशी झाली. मरण्यापूर्वी त्यांनी गुन्हा कबूल केला. मात्र मूलनिवासींना मारणे कायद्याविरुद्ध आहे हे आपल्याला माहीत नव्हते, कारण वसाहतीत ते याआधी कितीतरी वेळा झालेले आहे, असे त्यांचे म्हणणे गिप्स यांनी लंडनला कळवले. मला हे वाक्य सगळ्या निकालपत्रांपेक्षा जास्त सांगणारे वाटते. त्यात बतावणी असेलही, पण त्यांनी ज्या वस्तुस्थितीकडे बोट दाखवले ती खोटी नव्हती.

उरलेल्या चौघांसाठी यिंतायिंतिनची साक्ष हवी होती, पण शपथेविना साक्ष चालत नव्हती आणि ख्रिस्ती नसलेल्या मूलनिवासीला शपथ घेता येत नाही असे न्यायालय मानत होते. त्याला ख्रिस्ती धर्माची आणि शपथेची ओळख करून द्यावी, तोवर चौघांना अडकवून ठेवावे, असे ठरले. दरम्यान तो नाहीसा झाला. त्याला संपवले गेले असावे असा तर्क तेव्हापासून केला जातो. फेब्रुवारी १८३९ मध्ये चौघेही सुटले.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. अँडरसन नसता, किंवा त्या दिवशी तोही इतरांसारखा घोड्यावर चढला असता, तर हॉब्सची पत्रे, डे यांची पायपीट आणि प्लंकेट यांची जिद्द या सगळ्यांसह तो खटला उभाच राहिला नसता. प्रत्यक्ष पाहणारा माणूस हयात होता आणि सांगायला तयार होता, तरीही.

सहजवाचक

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्ष मला कठोर वाटतो. वसाहतीतले बहुसंख्य गोरे लोकमत खटल्याच्या विरोधात होते, ‘सिडनी हेरल्ड’सारखे वर्तमानपत्र उघडपणे आरोपींच्या बाजूने लिहीत होते, धनाढ्य जमीनदार पैसा ओतत होते, आणि तरीही गव्हर्नर आणि सरकारी वकील यांनी माघार घेतली नाही. प्लंकेट हे आयरिश कॅथलिक, म्हणजे त्या राजवटीत स्वतःच थोडेसे बाहेरचे. पहिल्या निकालानंतर हात झटकले असते तर त्यांना कुणी जाब विचारला नसता. ज्या यंत्रणेतून अशी माणसे निघतात, त्या यंत्रणेला काहीच श्रेय द्यायचे नाही का? सीमेवर कायदा असाच, एकेका हट्टी माणसाच्या हातून पोहोचतो. पुढे त्याची रीत पडते.

रानवाट

प्लंकेट, गिप्स आणि डे यांच्या श्रेयाबद्दल आपले मतभेद नाहीत. प्रश्न आपल्या शेवटच्या वाक्याचा आहे: रीत पडली का? मायल क्रीकला ‘पहिला’ खटला म्हणण्याची पद्धत आहे, पण तो पहिला नव्हता. १७९९ साली हॉक्सबरी भागात दोन मूलनिवासी मुलांच्या खुनाबद्दल पाच वसाहतकऱ्यांना दोषी ठरवले गेले. शिक्षा न सुनावता प्रकरण लंडनला पाठवले आणि १८०२ साली तिकडून माफी आली. १८२० साली जॉन कर्बी या कैद्याला न्यूकॅसलच्या बुर्रागोंग या मूलनिवासी प्रमुखाच्या खुनाबद्दल फाशी झाली. म्हणजे चाळीस वर्षांत शिक्षा अंमलात आली ती कैद्यांच्या बाबतीत, आणि जमीनधारक वसाहतकरी सुटले. मायल क्रीकला तोच आकृतिबंध आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर.

बार_रूम

शपथेचा मुद्दा धागाकर्त्यांनी मांडला आहे, त्यामागचा कायदा थोडा सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्याकडचा एक धागा गुंतलेला आहे.

इंग्लिश कायद्यात साक्ष ग्राह्य धरायची तर शपथ हवी, आणि शपथ घेणाऱ्याचा खोटे बोलणाऱ्याला शिक्षा करणाऱ्या ईश्वरावर विश्वास हवा, असे गृहीतक होते. ख्रिस्ती नसलेल्यांचे काय, हा प्रश्न १७४४ साली लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात आला, आणि तो आला कोलकात्याच्या एका हिंदू व्यापाऱ्याच्या खटल्यातून. तिथल्या हिंदू साक्षीदारांनी ब्राह्मणाच्या पायाला हात लावून आपल्या रीतीने शपथ घेतली होती. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी ती साक्ष मान्य केली, कारण हे लोकही जगाच्या नियंत्यावर श्रद्धा ठेवतात. निकाल उदार वाटतो, आणि हिंदुस्थानात त्याचा उपयोगही झाला. १८४० सालच्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या न्यायालयांत हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांना गंगाजल किंवा कुराण हाती न घेता नुसत्या प्रतिज्ञेवर साक्ष देता येऊ लागली.

मात्र त्याच निकालाने एक कसोटीही पक्की केली: ईश्वर आणि पापाची शिक्षा यांवर श्रद्धा नसेल तर साक्ष नाही. ऑस्ट्रेलियन मूलनिवासींना असा ईश्वर माहीत नाही, असे न्यायालयांनी त्यांच्या श्रद्धेची धड चौकशीही न करता मानले आणि दार बंद केले. हिंदुस्थानातला व्यापार हिंदू साक्षीदारांशिवाय चालणे अशक्य होते, ऑस्ट्रेलियातला जमिनीचा व्यवहार मात्र मूलनिवासींना गप्प ठेवूनच सोयीचा होता, हा हिशेब तत्त्वज्ञानाच्या आडून काम करत होता असे मला वाटते.

आणखी एक विसंगती. १८३६ साली, म्हणजे दोनच वर्षे आधी, जॅक काँगो मरेल या मूलनिवासीवर दुसऱ्या मूलनिवासीच्या खुनाचा आरोप होता. आमचा आमचा कायदा आहे, तुमच्या न्यायालयाचा आमच्या आपसांतल्या गोष्टीशी संबंध नाही, अशी बाजू त्याच्या वतीने मांडली गेली. न्यायालयाने ती नाकारली: मूलनिवासीही राजाच्या कायद्याखाली येतात. त्या निर्णयाची कारणमीमांसा लिहिणारे न्यायमूर्ती बर्टनच. ज्यूरीने मरेलला सोडले हा भाग वेगळा, पण तत्त्व कायम झाले. कायद्याच्या जबाबदाऱ्या सगळ्या लागू, आणि कायद्यापुढे बोलण्याचा हक्क मात्र नाही.

मोरपिशी

मला दुसरीच बाजू खुपते. फाशी गेलेले सातही जण कैदी किंवा माजी कैदी होते. इंग्लंडात चोरीमारीसाठी धरलेली, बोटीने जगाच्या टोकाला आणून टाकलेली, चाबकाच्या धाकाने राबणारी ही माणसे. मी त्यांची बाजू घेत नाही. बायकामुलांवर तलवार चालवणाऱ्याची बाजू कोण घेईल? पण ज्यांच्या मेंढ्यांसाठी आणि गुरांसाठी ती जमीन मोकळी व्हायची होती, ते न्यायालयात प्रतिष्ठित साक्षीदार म्हणून बसले होते, आणि त्यांच्यातलाच एक म्होरक्या फरारी राहिला. कायद्याने हात मारला तो वसाहतीतल्या सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या माणसांवर. त्याला ‘रंग न पाहणारा न्याय’ म्हणण्यापेक्षा, एका सावकाराच्या देण्यासाठी त्याच्या गड्याच्या घरावर जप्ती आणण्याचाच हा प्रकार म्हणावा.

रानवाट

आपला मुद्दा मान्य आहे, आणि त्याला पुरवणीही आहे. बचावासाठी वर्गणी काढणाऱ्या जमीनदारांच्या मंडळाचा पुढारी रॉबर्ट स्कॉट हा स्वतः दंडाधिकारी होता. गिप्स यांनी पुढे दंडाधिकाऱ्यांच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकले. फ्लेमिंगला पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले होते. तो हॉक्सबरी भागात, आपल्याच लोकांत राहिला, लग्न केले, आणि १८९४ साली स्वतःच्या घरच्या माणसांत मेला. दुसरीकडे हॉब्सला डँगरने नोकरीवरून काढले. म्हणजे त्या प्रकरणात खरे बोलल्याची किंमत ज्यांनी मोजली तेही मालकवर्गातले नव्हते: एक पगारी व्यवस्थापक, एक कैदी आणि एक मूलनिवासी गुराखी.

एका बाबतीत मात्र मी आपल्यापेक्षा सावध राहीन. सातही जणांवर वरून हुकूम होता असे दाखवणारा पुरावा खटल्यात आला नाही. अँडरसनही त्याच वर्गातला, त्याच धाकाखालचा कैदी होता, आणि त्याने नकार दिला. तो तिथे नसता तर ‘बिचाऱ्यांना दुसरा पर्याय काय होता’ हे म्हणणे सोपे गेले असते.

सिडनीकर_काकू

आम्ही बरीच वर्षे इकडे आहोत आणि मायल क्रीकच्या स्मारकाला गेलो आहोत, म्हणून दोन शब्द. बिंगारा आणि डेलंग्रा यांच्यामधल्या रस्त्यावर ते आहे. वळणावळणाची लालसर पायवाट, वाटेत ग्रॅनाइटच्या दगडांवर बसवलेले फलक, प्रत्येकावर गमिलराय भाषेत आणि इंग्रजीत घटनेचा एकेक टप्पा, आणि टोकाला एक मोठी शिळा. फलकावर ‘चकमक’, ‘संघर्ष’ असला शब्द नाही. कुरापत नसताना, ठरवून केलेले खून, असे सरळ लिहिलेले आहे. मला हे महत्त्वाचे वाटले, कारण इथल्या कितीतरी जुन्या पाट्यांवर मारले गेलेले गुराखी नावानिशी असतात आणि मूलनिवासींचा उल्लेख फक्त हल्लेखोर म्हणून असतो.

१० जून २००० रोजी ते उघडले, तेव्हा मारल्या गेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे, दोन्हीकडचे वंशज तिथे आले होते. दरवर्षी जूनमध्ये लोक जमतात. सुरुवातीला ओल्या पानांचा धूर करतात आणि सगळे त्या धुरातून पुढे जातात. २००८ साली ती जागा राष्ट्रीय वारसा यादीत आली. मध्ये एकदा फलकांची मोडतोडही झाली होती, हेही सांगायला हवे. सगळ्यांनाच ते स्मारक पटलेले नाही. आमच्या मुलाच्या शाळेत हा विषय शिकवला गेला; माझ्या पिढीतल्या गोऱ्या शेजाऱ्यांना मात्र शाळेत कुणी सांगितलेले नव्हते, असे तेच सांगतात.

पाचोळा

हे वाचताना सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण होणे अपरिहार्य आहे. तारेच्या कुंपणात ठेवलेल्या, हजेरी लावल्याशिवाय बाहेर पडता न येणाऱ्या जमाती १९५२ साली मुक्त झाल्या. त्याच साम्राज्याने १८७१ साली जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा कायदा हिंदुस्थानात आणला होता. या दोन गोष्टी एकत्र मांडायला हव्यात.

रानवाट

पाचोळा, तो विषय मोठा आहे आणि त्याला स्वतंत्र धागा हवा, आपण काढावा. इथे एवढेच म्हणतो की दोन्हींची यंत्रणा वेगळी होती. सेटलमेंटमध्ये कायदा माणसांना नोंदवून, मोजून, बांधून ठेवत होता. १८३८ साली मायल क्रीकच्या टापूत कायदा मुळात पोहोचतच नव्हता, आणि पोहोचला तेव्हा त्याला मूलनिवासींचे ऐकू येत नव्हते. दोन्ही एकाच पोत्यात घातले तर दोन्हींचे तपशील हरवतील.

शंकासुर

माझा प्रश्न परिणामांचा आहे. सहजवाचक म्हणतात तशी जरब बसली का? सात फाशा ही त्या काळातही लहान गोष्ट नव्हती.

रानवाट

जरब बसली, पण ती मारण्याची नव्हे, सापडण्याची. मायल क्रीकच्या मारेकऱ्यांनी काय चुका केल्या हे सीमेवरच्या प्रत्येक स्टेशनवर चर्चिले गेले असणार: दिवसाढवळ्या, वस्तीजवळ, ज्यांना स्टेशनचे लोक नावाने ओळखत होते अशा माणसांना, आणि सामील नसलेल्या गोऱ्या साक्षीदारासमोर. पुढच्या दशकांत हत्या थांबल्या नाहीत, त्यांच्याबद्दल बोलणे थांबले. विष घातलेल्या पिठाच्या हकिगती त्या काळात अनेक ठिकाणांहून ऐकू येतात. त्यांतली प्रत्येक सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येऊ नये हीच त्या पद्धतीची सोय होती. १८४८ पासून ‘नेटिव्ह पोलीस’ नावाचे दल उभे राहिले, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली दूरच्या प्रदेशातून आणलेले मूलनिवासी शिपाई, आणि पुढे क्वीन्सलंडमध्ये सीमा साफ करण्याचे काम सरकारी गणवेशात होऊ लागले. नन प्रकरणाचा धडा असा वापरला गेला. १९२८ साली, म्हणजे मायल क्रीकनंतर नव्वद वर्षांनी, नॉर्दर्न टेरिटरीत कॉनिस्टनला पोलीस हवालदार जॉर्ज मरे याच्या तुकडीने अधिकृत आकड्याप्रमाणे ३१ मूलनिवासी मारले. चौकशी मंडळाने सगळे गोळीबार समर्थनीय ठरवले. खटला कुणावरही झाला नाही.

सहजवाचक

कॉनिस्टनबद्दल मला माहिती नव्हती, त्यावर वाचेन. पण साक्षीच्या कायद्याबद्दल एक विचारतो. उणीव १८३८ सालीच उघडी पडली होती, तर प्लंकेट आणि गिप्स यांनी ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला नाही का? की त्यांनाही ते सोयीचे होते?

बार_रूम

केला, आणि त्यासाठी त्यांना श्रेय द्यायलाच हवे. १८३९ साली वसाहतीच्या विधान परिषदेने मूलनिवासींची शपथेविना साक्ष घेता यावी असा कायदा केला. तो लंडनने नामंजूर केला, कारण शपथेविना साक्ष ही ब्रिटिश न्यायाच्या तत्त्वांत बसत नाही असे तिथल्या कायदेपंडितांचे मत पडले. मग १८४३ साली ब्रिटिश संसदेनेच वसाहतींना असा कायदा करण्याची मुभा दिली. साउथ ऑस्ट्रेलियाने ती वापरली. न्यू साउथ वेल्समध्ये प्लंकेट यांनी १८४४ साली विधेयक मांडले, तेव्हा परिषदेत निवडून आलेले सभासद बसू लागले होते, म्हणजे मतदानाची पात्रता जमीनजुमल्यावर ठरलेली असल्यामुळे मुख्यतः कुरणवाल्यांचेच प्रतिनिधी. विधेयक पडले. १८४९ साली पुन्हा आणले, पुन्हा पडले. जोवर लंडनचे नियुक्त लोक कायदे करत होते तोवर लंडन अडले, आणि वसाहतीला स्वतःचे प्रतिनिधी मिळाले तेव्हा वसाहत अडली. स्वशासन वाढले की न्याय वाढतो ही आपली सवयीची समजूत इथे चालत नाही, कारण ‘स्व’मध्ये कोण मोजले जात होते हा आधीचा प्रश्न आहे.

न्यू साउथ वेल्समध्ये शपथ घेऊ न शकणाऱ्याला प्रतिज्ञेवर साक्ष देता येईल अशी दुरुस्ती झाली ती १८७६ साली. खुनाच्या आरोपाला मुदतीची मर्यादा नसते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने फ्लेमिंगवर त्यानंतरही खटला भरता आला असता. तो आणखी १८ वर्षे जिवंत होता, आणि कुठे राहतो हे पंचक्रोशीला माहीत होते. कोणत्याही सरकारी वकिलाने ते प्रकरण पुन्हा उघडले नाही.